भट्टीपासून स्लो कुकरपर्यंत : शब्बाथच्या ऊन जेवणाचा इतिहास

लीड्ससारख्या थंड हवेच्या शहरात स्थायिक झालेल्या आपल्या बहुतेक कुटुंबांच्या स्वयंपाकघरात आज विजेवर चालणारा स्लो कुकर आढळतो. सकाळी भांडे भरावे, बटण फिरवावे, कामावर निघून जावे आणि परत आल्यावर शिजलेले अन्न वाढून घ्यावे, अशी त्याची सोय आहे. परंतु या भांड्याविषयी दोन तक्रारी आमच्या कानी वारंवार येतात. पहिली अशी की, त्यात आपले कालवण जमत नाही. रस्सा पाणचट होतो, मसाला कच्चा लागतो आणि नारळाचा रस फुटतो. दुसरी अशी की, हे भांडे मुळी इंग्रजांच्या स्वयंपाकासाठी आहे, आपल्या कोकणी जेवणास त्याचा काय उपयोग? या दोन्ही तक्रारींचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते. ते म्हणजे या भांड्याचा इतिहास. हे भांडे इंग्रजांचे नव्हे. त्याचा उगम शब्बाथच्या आज्ञेत आहे. आपल्या धर्मबांधवांनी शनिवारचे अन्न ज्या रीतीने शतकानुशतके रांधले ती रीत समजून घेतली, तर हे भांडे का बिघडते आणि कसे सुधारते हेही आपोआप समजते. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच आहे.

आज्ञा आणि अन्न

तोरेतील निर्गमाच्या पस्तिसाव्या अध्यायात शब्बाथच्या दिवशी आपल्या घरांत अग्नी पेटवू नये, अशी स्पष्ट आज्ञा आहे. या आज्ञेचा अर्थ लावण्यात पुढे मोठा वाद झाला. कराई पंथाच्या लोकांनी असा अर्थ घेतला की, शुक्रवारी पेटविलेला अग्नीही शब्बाथमध्ये घरात जळता राहू नये. त्यामुळे त्यांची शुक्रवारची रात्र अंधारात जाई व शनिवारचे जेवण थंड असे. रब्बींचा अर्थ वेगळा होता. आज्ञा आहे ती पेटविण्याविरुद्ध. जो विस्तव दिवस बुडण्यापूर्वीच पेटला आहे त्याने आपल्या ठायी राहून अन्न ऊन ठेवले, तर आज्ञा मोडत नाही. म्हणून बाराव्या शतकात प्रोव्हान्समधील रब्बी झेराह्या हालेवी यांनी येथवर लिहिले की, जो शब्बाथला ऊन अन्न खात नाही त्याच्या श्रद्धेचीच तपासणी करावी. शनिवारचे ऊन जेवण ही अशा रीतीने केवळ जिभेची आवड राहिली नाही. ते एका परंपरेशी असलेल्या निष्ठेचे चिन्ह ठरले.

मिश्नाच्या 'शब्बाथ' या ग्रंथात या विषयास जवळजवळ दोन अध्याय दिलेले आहेत. तिसऱ्या अध्यायात चुलीचा विचार आहे. चुलीवर भांडे राहू द्यावयाचे असेल, तर निखारे बाहेर ओढावेत किंवा त्यांवर राख घालावी, म्हणजे विस्तव ढोसून जाळ वाढविण्याचा मोह होणार नाही. चौथ्या अध्यायात भांडे कशात पुरावे किंवा गुंडाळावे हे सांगितले आहे. कपडे, धान्य, कबुतराची पिसे, सुताराचा भुसा यांत गुंडाळण्यास हरकत नाही, कारण या वस्तू असलेली ऊब राखतात. शेण, चुना, तेलाची पेंड यांत मात्र भांडे पुरू नये, कारण या वस्तू स्वतः तापतात व ऊब वाढवितात. येथे तलमूदमध्ये एक प्रश्न विचारला आहे की, ही पेंड जैतुनाची की तिळाची? ज्यांच्या पूर्वजांनी कोकणात पिढ्यान्‌पिढ्या घाणा चालविला आणि शनिवारी तो बंद ठेवल्यामुळे 'शनवार तेली' हे नाव मिळविले, त्या आपल्यासारख्या वाचकांना हा प्रश्न खास घरचा वाटेल. साचलेली ओली पेंड आतून कशी तापते हे तेल्यास कोणी सांगावे लागत नाही.

याच चर्चेत बेन द्रुसाई नावाच्या एका दरोडेखोराचा उल्लेख येतो. तो नेहमी घाईत असल्यामुळे अन्न पुरते शिजण्यापूर्वीच खात असे, आणि 'बेन द्रुसाईचे अन्न' हे अर्धेकच्चे पण खाण्याजोगे शिजलेल्या अन्नाचे माप ठरले. ते एक तृतीयांश शिजलेले की अर्धे, याविषयी मतभेद आहेत. शब्बाथपूर्वी अन्न निदान या मापापर्यंत तरी शिजलेले असावे, असा दंडक आहे. हे माप वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे स्लो कुकरचा विचार करताना त्याचा फार उपयोग होणार आहे.

एक पदार्थ, अनेक नावे

या नियमांच्या चौकटीत जगभरच्या ज्यू घराण्यांनी आपापल्या मुलखाच्या धान्याने व मांसाने एकच पदार्थ घडविला. हिब्रूत त्याला 'हामीन' म्हणतात, म्हणजे ऊन. स्पेन व मोरोक्कोच्या ज्यूंनी त्याला 'अदाफिना' म्हटले. हा शब्द पुरणे या अर्थाच्या अरबी धातूपासून आला आहे, कारण भांडे निखाऱ्यांत पुरले जाई. बगदादी ज्यूंचा 'तबीत' म्हणजे रात्रभर राहिलेले. त्यात कोंबडीच्या पोटात तांदूळ व मसाला भरून ती तांदळातच रात्रभर शिजवितात व वर सालीसकट अंडी ठेवतात. सकाळपर्यंत ती अंडी तपकिरी होतात. एकोणिसाव्या शतकात बगदादी कुटुंबे मुंबईस आली तेव्हा हा पदार्थही तेथे आला. पूर्व युरोपात 'चोलंट' रूढ झाला. त्यात पांढऱ्या शेंगांचे दाणे, जव, बटाटे, कांदे आणि चरबीयुक्त मांस असे. तेराव्या शतकातील व्हिएन्नाचे रब्बी इसहाक यांच्या ग्रंथात हा शब्द येतो, म्हणजे पदार्थ निदान तेवढा जुना आहे. जर्मन कवी हाइने याने १८५१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या शब्बाथविषयक कवितेत याच पदार्थाचे गुणगान केले आहे.

पूर्व युरोपातील गरिबांच्या घरी रात्रभर तापत राहील अशी मोठी भट्टी नसे. ती गावच्या बेकऱ्याकडे असे. शुक्रवारी पाव भाजून झाले की भट्टीतील जाळ काढून टाकीत, पण विटा तापलेल्याच असत. शेजारपाजारच्या बायका आपापली भांडी खूण करून तेथे पोहोचवीत. सगळी भांडी आत सरकविली की भट्टीचे तोंड बंद करीत, आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थना आटोपल्यावर मुले ती भांडी घरी आणीत. भट्टीतील उष्णतेचा क्रम येथे नीट पाहावा. आरंभी ती सर्वांत अधिक असे आणि रात्र चढत जाई तशी हळूहळू उतरत जाई. अन्न प्रथम खदखदून शिजे आणि मग मुरत राही. शिवाय उष्णता केवळ बुडाकडून न येता चहूबाजूंनी येई, म्हणून तळ करपत नसे.

लीड्स आणि लिथुआनिया

आपण ज्या शहरात राहतो त्याचा या कथेशी जवळचा संबंध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रशियन साम्राज्यातून, विशेषतः लिथुआनियाच्या बाजूने, हजारो ज्यू लीड्सला आले व नॉर्थ स्ट्रीटलगतच्या लेलंड्स या दाटीच्या वस्तीत राहिले. जॉन बॅरन यांच्यासारख्यांनी येथे तयार कपड्यांचा धंदा वाढविला होता. त्या धंद्याच्या शिवणकामात या लोकांना काम मिळाले. १९०० साली लिथुआनियाहून इंग्लंडला आलेले माँटेग बर्टन यांनी पुढे लीड्सच्या हडसन रोडवर कपड्यांचा प्रचंड कारखाना उभारला. कर्कगेट बाजारात १८८४ साली मायकेल मार्क्स यांनी एका पेनीच्या वस्तूंचे दुकान थाटले, त्यातून मार्क्स अँड स्पेन्सर जन्मास आले. या मोठ्या नावांमागे शिवणयंत्रावर दिवस घालविणारी असंख्य माणसे होती. त्यांच्या घरांतही शुक्रवारची तीच निकड होती जी आज आपल्या घरांत आहे: हिवाळ्यातील लहान दिवस, उशिरापर्यंत काम आणि सूर्यास्तापूर्वी तयार व्हायला हवे असे जेवण. इंग्लंडातील ज्यू वस्त्यांतही चोलंटची भांडी बेकऱ्याच्या भट्टीत जात असत.

१९३०च्या दशकात लेलंड्सची जुनी घरे पाडण्यात आली. वस्ती तोवर चॅपलटाउनकडे सरकली होती व पुढे मूरटाउन, ॲलवुडली अशी उत्तरेस पसरली. चॅपलटाउन रोडवर १९३२ साली उघडलेल्या घुमटाच्या प्रार्थनामंदिरात आज नृत्यविद्यालय भरते. वस्ती पांगली तशी कोपऱ्यावरची सामाईक भट्टीही गेली. प्रत्येक घराला आपली भट्टी आपणच शोधावी लागली.

ती शोधली लिथुआनियाच्याच एका मातेच्या आठवणीने. तामारा नाखुमसोन या लिथुआनियातून अमेरिकेस गेलेल्या बाई आपल्या मुलाला गावच्या बेकरीत शुक्रवारी ठेवलेल्या चोलंटच्या भांड्याची हकीकत सांगत. त्यांचा मुलगा अर्विंग याचा जन्म १९०२ साली न्यू जर्सीत झाला. तो यंत्रविद्येत निष्णात होता. बेकऱ्याच्या भट्टीसारखी सौम्य उष्णता सर्व बाजूंनी देणारे विजेचे लहान भांडे घरातच करता येईल, असे त्याच्या मनाने घेतले. १९३६ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि १९४० साली त्यास पेटंट मिळाले. पुढे त्याने आपले आडनाव संक्षिप्त करून नॅक्सन असे केले व हे भांडे 'नॅक्सन बीनरी' या नावाने विकले. १९७० साली कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला आणि १९७१ साली तेच भांडे नव्या रूपात 'क्रॉक-पॉट' या नावाने बाजारात आणले. नोकरी करणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढत होती. भांडे झपाट्याने खपले, व त्याच दशकात ते ब्रिटनमध्येही रुळले. २०२२ साली येथे विजेचे व गॅसचे दर भडकले तेव्हा काटकसरीचा उपाय म्हणून लोक पुन्हा त्याकडे वळले. ज्या लाखो घरांत ते आहे त्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल की, ते शब्बाथच्या आज्ञेचे अपत्य आहे.

आपल्या कोकणात

आपले पूर्वज कराई वादापासून दूर होते. नवगावच्या किनाऱ्यावर उतरलेल्या घराण्यांनी शेमा, सुंता, माशांविषयीचे निर्बंध आणि शनिवारची विश्रांती एवढी शिदोरी सांभाळली. शास्त्राचे सविस्तर शिक्षण त्यांना बऱ्याच काळाने, पुढे कोचीनच्या शिक्षकांकडून मिळाले. तरीही मंद आचेचे ज्ञान त्यांच्या अंगणात होतेच. कोकणातल्या चुलीला वैल असतो. मुख्य जाळावर भात शिजला की कालवणाचे भांडे वैलावर सरकवितात, आणि ते तेथे आरावर बराच वेळ ऊन राहते. निखाऱ्यांवर राख ओढून विस्तव राखण्याची रीत तर प्रत्येक घरी होती. मिश्नाच्या तिसऱ्या अध्यायातील राख आणि आपल्या आजीच्या चुलीतील राख यांत फरक असा काही नाही.

रायगड जिल्ह्यात हिवाळ्यात होणारी पोपटी आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. मातीच्या मडक्यात भांबुर्डीचा पाला अंथरून त्यावर वालाच्या शेंगा, कोनफळे, बटाटे, अंडी व मसाला लावलेली कोंबडी भरतात. तोंड पाल्याने घट्ट बंद करून मडके उपडे ठेवतात आणि भोवती गवत व काटक्यांचा जाळ करतात. अर्ध्या-पाऊण तासात सारे तयार होते. हा पदार्थ मंद आचेचा नव्हे, पण त्यात एक गोष्ट शिकण्याजोगी आहे. पोपटीत पाण्याचा थेंबही घालीत नाहीत. मडके बंद असल्यामुळे प्रत्येक वस्तू अंगच्या पाण्यात शिजते. स्लो कुकरमध्ये रस्सा पाणचट होण्याचे कारण नेमके हेच की, आपण बंद भांड्यात उघड्या पातेल्याइतके पाणी घालतो.

लीड्सचा शुक्रवार

मुंबईत वर्षभरात सूर्यास्ताची वेळ सुमारे सव्वा तासाने पुढेमागे होते. हिवाळ्यात सहाच्या सुमारास, पावसाळ्याच्या आरंभी सव्वासातच्या पुढे. लीड्समध्ये हा फरक सुमारे सहा तासांचा आहे. डिसेंबरात सूर्य पावणेचारच्या सुमारास मावळतो, म्हणजे शब्बाथचे दिवे साडेतीनच्या आसपास लावावे लागतात. जूनमध्ये सूर्यास्त साडेनऊनंतर होतो. शाळा तीन-सव्वातीनला सुटते हे ध्यानी घेतले, तर डिसेंबरातील शुक्रवारी घरी पोहोचून स्वयंपाक करणे अशक्यच आहे, हे शिक्षक आणि पालक दोघेही जाणतात. अशा शुक्रवारी बाजारातील काहीतरी आणून खाणे हा सोपा मार्ग असतो, आणि त्याच मार्गाने एका पिढीत शब्बाथचे जेवण व आपले कालवण दोन्ही घरातून निघून जातात.

यातून स्वयंपाकाचे एक गणित निघते, जे कोणत्याही इंग्रजी पाककृतीत सापडत नाही. शनिवारी साडेबारास जेवायचे असेल तर डिसेंबरात भांडे दिवे लागल्यापासून एकवीस तास आचेवर राहते. जूनमध्ये, उशिरा दिवे लावल्यास, पंधरा तास. एकाच पाककृतीला हिवाळ्यात अधिक पाणी व अधिक चिवट मांस लागते, उन्हाळ्यात दोन्ही कमी. जूनमध्ये उत्तम झालेले कालवण डिसेंबरात तळाला धरते, याचे कारण हात बिघडणे नसून पृथ्वीचे कलणे आहे.

रीतीतून निघणारे नियम

आता इतिहासावरून कृतीकडे वळू. बेकऱ्याची भट्टी आरंभी कडक असे व पुढे उतरे. स्लो कुकरचा क्रम उलट आहे; तो गार असतो व सावकाश तापतो. बहुतेक भांड्यांत 'लो' आणि 'हाय' या दोन्ही खुणांवर शेवटचे तापमान जवळजवळ सारखेच, म्हणजे उकळीच्या किंचित खाली असते. फरक असतो तो तेथवर पोहोचण्यास लागणाऱ्या वेळाचा. म्हणून भट्टीचा क्रम आपण हाताने घडवून आणावा. मांस, कांदा, मसाला हे सर्व चुलीवर परतून, आधणाच्या पाण्याने उकळी आणून, ऊनच भांड्यात घालावे. थंड पदार्थ भरले तर अन्न बराच वेळ कोमट राहते, आणि कोमट अन्नात जंतू वाढतात. ऊन अन्न ६३ अंशांच्या वर राहावे असा या देशातील दंडक आहे. गोठलेले मांस तसेच भांड्यात कधीही टाकू नये.

मसाल्याचे तत्त्वही हेच. कांदा लाल होणे, खोबरे खमंग होणे, फोडणी तडतडणे या गोष्टींना पाण्याच्या उकळीहून पुष्कळ अधिक उष्णता लागते. ती स्लो कुकरमध्ये कधीच येत नाही. जे भाजून निघावयाचे ते आधीच भाजून निघाले पाहिजे. मंद आचेचे काम मुरविण्याचे आहे, भाजण्याचे नव्हे. ज्या घरांत वाटण कच्चेच भांड्यात जाते, त्या घरांत मसाला कच्चा लागणारच.

मांस निवडताना चोलंट करणाऱ्या गरीब बायकांचा कित्ता गिरवावा. त्यांना स्वस्त मांस परवडे, आणि तेच या रीतीस योग्य असते. मान, खांदा, नळी या भागांतील चिवट तंतू दीर्घकाळ शिजून चिकासारखे मऊ होतात व रश्शास दाटपणा आणतात. कोंबडीच्या छातीचे मांस एकवीस तासांत चोथा होते. हाडासकटच्या तंगड्या घ्याव्यात. कंदमुळे मांसाहून उशिरा शिजतात, म्हणून बटाटे, गाजरे तळाशी व बाजूंना लावावीत. भांडे निम्म्याहून अधिक व दोन तृतीयांशांच्या आसपास भरलेले असावे. नेहमीच्या पाककृतीतील पाणी निदान एक तृतीयांशाने कमी करावे. शब्बाथच्या लांब आचेसाठी मात्र दिवे लावण्यापूर्वी पाहून अंदाजाने वाढवावे. वाढविताना आधणाचेच पाणी घालावे. गार पाण्याने तापलेले चिनीमातीचे भांडे तडकते.

आणि झाकण उघडू नये. एकदा झाकण उघडले की गेलेली ऊब भरून येण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. येथे शास्त्र आणि स्वयंपाक यांचा मेळ स्पष्ट दिसतो. दिवे लागल्यानंतर ढवळू नये, मीठपाणी घालू नये, आच वाढवू नये, ही बंधने स्वयंपाक चांगला व्हावा म्हणून घातलेली नाहीत; ती विश्रांतीसाठी आहेत. परंतु ज्या गृहिणीला शुक्रवारी साडेतीननंतर भांड्यास हात लावावयाचा नसतो ती साडेतीनपूर्वी सर्व विचार करून ठेवते, आणि मंद आचेचा स्वयंपाक नेमका याच पूर्वविचाराने साधतो.

एक गंभीर सूचना

आपल्या घरांत राजमा लोकप्रिय आहे व चोलंटमध्येही तो अनेक जण घालतात. कच्च्या राजम्यात एक विषारी द्रव्य असते, जे जोराच्या उकळीने नष्ट होते. मंद आचेवर ते नष्ट होत नाही; ८० अंशांच्या आसपास शिजविले तर विषारीपणा उलट वाढू शकतो. १९७६ ते १९७९ या काळात ब्रिटनमध्ये अशा विषबाधेचे अनेक प्रसंग नोंदले गेले व १९८० साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांचा वृत्तांत आला. म्हणून राजमा रात्रभर भिजवावा, ते पाणी फेकून द्यावे, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटे खळखळून उकळावा आणि मगच स्लो कुकरमध्ये घालावा. हीच काळजी इतर शेंगदाण्यांविषयीही, म्हणजे पावटा, वाल, पांढरा राजमा यांविषयीही घ्यावी. डबाबंद दाणे आधीच शिजलेले असल्यामुळे त्यांना हे लागू नाही. कडधान्य बोटचेपे झाल्याशिवाय चिंच, कोकम किंवा टोमॅटो घालू नयेत. आंबटपणाने दाणे कडकच राहतात. 'बेन द्रुसाईच्या अन्ना'चे माप येथे पुरत नाही. शेंगांचे दाणे पूर्ण शिजवूनच शब्बाथमध्ये न्यावेत.

आपले कालवण, शब्बाथचे भांडे

आता मूळ तक्रारीकडे येऊ. कोशेर नियमांमुळे मांसात दूध-दही चालत नाही, म्हणून आपल्या बायकांनी नारळाच्या रसाला ते स्थान दिले. हा रस दीर्घ आचेवर फुटतो. शुक्रवार रात्रीचे कालवण असेल तर रस सर्वांत शेवटी, दिवे लावण्यापूर्वी अर्धा तास, घालावा. शनिवार दुपारसाठी, जेव्हा शेवटी काही घालणे शक्यच नसते, तेव्हा ओल्या नारळाच्या रसाऐवजी भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचे वाटण वापरावे. ते फुटत नाही, उलट रात्रभरात रश्शात मिसळून दाट होते. कोथिंबीर, हिरवी मिरची यांचे हिरवे वाटण एवढ्या वेळात आपला रंग व वास गमावते. ते शुक्रवार रात्रीच्या जेवणासाठी राखावे. भातासाठी कोकणचा उकडा तांदूळ घ्यावा. त्याचा दाणा टिकतो. साधा तांदूळ सकाळपर्यंत पेजेसारखा होतो. सालीसकट अंडी वर ठेवली तर बगदादी तबीताची आणि पोपटीची आठवण एकाच ताटात येते.

आठवड्याचा क्रम असा ठेवता येतो. गुरुवारी रात्री कडधान्य भिजवावे, वाटण करून शीतकपाटात ठेवावे. शुक्रवारी पहाटे कडधान्य उकळून, मांस व मसाला परतून, सर्व ऊन ऊन भांड्यात घालून कामावर जावे. दुपारी तीननंतर घरी येताच झाकण एकदाच उघडावे. शिजले आहे याची खात्री करावी, मीठ पाहावे, आधणाचे पाणी घालावे, बटण 'लो'वर आणून झाकावे आणि दिवे लावावेत.

शास्त्राविषयी तीन गोष्टी सांगणे अवश्य आहे. स्लो कुकरची तापणारी भिंत आतल्या भांड्याला चहूबाजूंनी वेढते, म्हणून हे मिश्नात निषिद्ध असलेले 'पुरणे' होते काय, याविषयी रब्बींमध्ये मतभेद आहेत. काही जण आतील भांडे खाली काही ठेवून थोडे उचलतात, काही जण मध्ये धातूचा पत्रा घालतात. प्रत्येक कुटुंबाने आपल्या रब्बींना विचारून वागावे. दुसरे असे की, नव्या पद्धतीची आकडे दाखविणारी भांडी काही तासांनी आपोआप बंद होतात. एकवीस तासांच्या आचेस साध्या फिरत्या बटणाचे भांडेच चांगले. तिसरे, जुने भांडे विकत घेतले असेल तर त्याची आतील चिनीमातीची कुंडी सामान्यतः कोशेर करून घेता येत नाही, ती बदलावी. मांसासाठी व दुधाच्या पदार्थांसाठी भांडी वेगळी असावीत हे सांगणे नलगे.

लिथुआनियातील एका बाईने आपल्या मुलाला एका भांड्याची आठवण सांगितली, म्हणून ते भांडे आज साऱ्या जगाच्या घरात आहे. आपल्या समाजातील वडीलधाऱ्या बायकांजवळही पेण, अलिबाग, रेवदंड्याच्या चुलींच्या अशाच आठवणी आहेत. शनिवारसाठी कोणते कालवण शुक्रवारी होई, ते कसे झाकून ठेवीत, दुसऱ्या दिवशी कशाबरोबर खात. त्या बहुतेक कोठेही लिहिलेल्या नाहीत, आणि त्या सांगणारी पिढी वृद्ध होत आहे. या हिवाळ्यात निदान एका शनिवारी हे भांडे आपल्या पद्धतीने भरावे, मुलांना जवळ बसवून त्यामागची हकीकत सांगावी, आणि घरातील आजीला तिची रीत विचारून ती मराठीत उतरवून ठेवावी, एवढीच वाचकांस आमची विनंती आहे.

शब्बाथ शालोम.